तीन तासांचं विमान सोडून दहा दिवसांची होडी: युरोपच्या दक्षिण सीमेचं अर्थकारण

सेनेगलची राजधानी डाकार आणि स्पेनची कॅनरी बेटं यांच्यात साधारण दीड हजार किलोमीटरचं अंतर आहे. विमानाला तीन तास पुरतात आणि तिकीट काहीशे युरोंत मिळतं. तेवढ्याच अंतरासाठी दरवर्षी हजारो माणसं सहाशे-सातशे युरो मोजून मासेमारीच्या लाकडी होडीत बसतात, आठ-दहा दिवस उघड्या समुद्रावर काढतात आणि त्यांतली काही पोचतच नाहीत. जास्त पैसे देऊन जास्त धोक्याचा प्रवास कुणी का पत्करावा? ‘गरिबी’ हे उत्तर इथे पुरत नाही. गरिबीच आड येत असती तर ती होडीच्या तिकिटालाही आड आली असती.

खरं उत्तर विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर आहे. १९९० च्या शेंगेन (आपसातल्या सीमा खुल्या ठेवून सामायिक व्हिसा देणाऱ्या युरोपीय देशांचा गट) अंमलबजावणी कराराने आणि पुढे २००१ च्या युरोपीय निर्देशाने विमान कंपन्यांवर एक जबाबदारी टाकली. योग्य कागद नसलेला प्रवासी आणलात तर दंड भरा, त्याला स्वखर्चाने परत न्या आणि तोवर त्याच्या राहण्याचा खर्चही सोसा. दंड माणशी तीन ते पाच हजार युरोंच्या घरात जातो. चारशे युरोंच्या तिकिटापायी पाच हजारांचा भुर्दंड कोण घेईल? त्यामुळे काउंटरवरची मुलगी पासपोर्ट बघते, टायमॅटिक नावाच्या संगणकीय यादीत त्या पासपोर्टला काय काय लागतं ते तपासते आणि व्हिसा नसेल तर बोर्डिंग पास छापत नाही. युरोपची पहिली सीमाचौकी ही अशी डाकारमध्येच, खाजगी कंपनीच्या पगारी माणसाकडून चालवली जाते. निर्वासितांना संरक्षण देण्याच्या बांधिलकीला बाधा येऊ नये असं त्या निर्देशात लिहिलेलं आहे. पण समोरचा माणूस खरा निर्वासित आहे की नाही हे ठरवण्याचं शिक्षण त्या मुलीला कुणी दिलेलं नसतं आणि चुकली तर तिच्या कंपनीला दंड ठरलेला. शिवाय आश्रयाचा अर्ज साधारणपणे युरोपच्या भूमीवर पाय ठेवल्यावरच करता येतो. अर्जाचा हक्क आहे, अर्जाच्या खिडकीपर्यंत जायची वाट मात्र नाही.

मग व्हिसाच का काढत नाहीत? काढायला बघतात. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, ती नकार मिळाला तरी परत मिळत नाही, आणि सेनेगलमधल्या अर्जांना अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा नकार मिळाला आहे. बँकेत शिल्लक, पक्की नोकरी, परतीची खात्री हे सगळं दाखवायचं असतं, आणि ज्याच्याकडे ते आहे त्याला जायची निकड सहसा नसते. अर्ज स्वीकारणं, बोटांचे ठसे घेणं ही कामंही आता वकिलाती स्वतः करत नाहीत. ती कंत्राटावर देण्याची कल्पना जगभर रुजवणारी व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी २००१ साली मुंबईत सुरू झाली आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक अमेरिकी वकिलात होती. सीमेच्या धंद्यातली एक मोठी शाखा आपल्याच शहरात जन्मली, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

चेक-इन काउंटरचा हा अडसर चुकवायचा कसा, याचाही एक धंदा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमिरातींमधल्या फुजैराहहून निकाराग्वाला निघालेलं एक चार्टर विमान इंधनासाठी फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर उतरलं आणि मानवी तस्करीच्या संशयावरून अडवलं गेलं. आत ३०३ प्रवासी होते, बहुतेक भारतीय. त्यांपैकी २७६ जण २६ डिसेंबरला मुंबईत परत आले. निकाराग्वाच का? तिथे उतरणं भारतीयांना सोपं होतं आणि तिथून पुढे जमिनीने अमेरिकेच्या सीमेपर्यंत जाता येत होतं. अख्खं विमान भाड्याने घेतलं की नेहमीच्या कंपनीचा काउंटर मध्ये येतच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एल साल्व्हादोरच्या सरकारने भारत आणि आफ्रिकी देशांच्या पासपोर्टवर तिथून जाणाऱ्या प्रवाशांना करासह १,१३० डॉलरची ‘विमानतळ सुधारणा’ फी लावली. या वाटेवर फक्त दलालच कमावतात असं नाही.

आता परत स्पेनकडे.

आधी व्हिसा, मग होडी

१९९१ च्या मे महिन्यापर्यंत मोरोक्कोच्या माणसाला स्पेनमध्ये जायला व्हिसा लागत नव्हता. उन्हाळ्यात शेतावर काम करायचं, पैसे घेऊन घरी परतायचं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, असं चाललेलं असे. शेंगेन गटात शिरायचं म्हणून स्पेनने व्हिसा सक्तीचा केला. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे. फेरीबोटीची वाट त्यांना बंद झाली तशी ‘पातेरा’ नावाची छोटी, सपाट बुडाची होडी चालू झाली. स्पेनमधल्या तारिफाच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर १९८८ मध्येच बुडालेल्यांची पहिली प्रेतं लागली होती. व्हिसानंतर ती बातमी नेहमीची झाली.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो. जाणं-येणं सोपं असताना माणसं परत जात होती. एकदा गेल्यावर पुन्हा येता येणार नाही असं दिसताच त्यांनी परत जाणं सोडलं आणि मागाहून बायका-मुलांनाही आणलं. दार लावलं की आतले बाहेर जायचे थांबतात, हे धोरण आखणाऱ्यांच्या हिशेबात नव्हतं.

कुंपण

आफ्रिकेच्या भूमीवर स्पेनची दोन छोटी शहरं आहेत, सेउता आणि मेलिया. युरोपीय संघाची आफ्रिकेशी असलेली जमिनीवरची सीमा एवढीच: सेउताला आठेक किलोमीटर, मेलियाला बाराच्या आसपास. १९९० च्या दशकात तिथे तीन मीटर उंचीची कुंपणं उभी राहिली. २००५ च्या शरद ऋतूत शेकडो माणसं एकदम घरगुती शिड्या लावून चढली. गोळीबार झाला, माणसं मेली. कुंपण सहा मीटर केलं. वर ‘कॉन्सेर्तिना’ म्हणजे ब्लेडच्या पात्यांची गुंडाळी बसवली. ती मालागाची एक कंपनी बनवते. लोकांचे हात-पाय कापून निघाले, ओरड झाली, मेलियातून २००७ मध्ये ती काढली, २०१३ मध्ये परत लावली, २०१९-२० मध्ये पुन्हा काढली. दरम्यान मोरोक्कोने आपल्या बाजूच्या कुंपणाला तशीच पाती लावली. स्पेनची पाती गेली, जखमा तशाच राहिल्या, फक्त हद्द बदलली.

प्रत्येक सुधारणेवर तोड कशी निघते हे २०१४ च्या सुमारास मेलियात स्पष्ट दिसलं. बोटं अडकू नयेत इतक्या बारीक छिद्रांची जाळी बसवली गेली. मग लोक दोन्ही हातांत लोखंडी आकडे घेऊन आणि बुटांच्या तळव्यांत स्क्रू ठोकून आले. आकडा जाळीत घालायचा, स्क्रूच्या टोकावर पाय टेकायचा, आणि असं एकेक पाऊल वर. एकट्याने हे जमत नाही. दहा चढले तर दहाही पकडले जातात, पाचशे चढले तर पन्नास आत शिरतात. म्हणून कुंपण जितकं अवघड, तितका जमाव मोठा. जमावाची दृश्यं टीव्हीवर ‘हल्ला’ म्हणून दाखवली जातात आणि त्यावरून पुढच्या कुंपणाची निविदा निघते. सेउताचं कुंपण आता काही भागांत दहा मीटर उंच आहे, वरच्या टोकाला हात धरता येऊ नये म्हणून गोल नळकांडं बसवलेलं. २४ जून २०२२ ला मेलियाच्या फाटकाशी झालेल्या चेंगराचेंगरीत किमान २३ जण मेले.

न्यायालयांचाही इथे एक विचित्र ताळा आहे. इटलीने समुद्रात अडवलेल्या माणसांना परस्पर लिबियाला पोचवलं, तेव्हा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१२ मध्ये ते बेकायदा ठरवलं. मेलियाच्या कुंपणावरून खाली उतरवून लगेच मोरोक्कोच्या हवाली केलेल्या दोघांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने २०२० मध्ये स्पेनची बाजू उचलून धरली: कायदेशीर मार्ग उपलब्ध असताना तुम्ही जमावाने घुसलात, असं म्हणून. मेलियाच्या चौकीवर आश्रय-अर्जाची खिडकी २०१४ पासून होती खरी. सहाराच्या दक्षिणेकडच्या काळ्या माणसाला मोरोक्कोचे पोलीस त्या खिडकीच्या आसपासही फिरकू देत नाहीत, हा मुद्दा निकालात फारसा टिकला नाही.

समुद्र रुंद का होत गेला

२००२ पासून स्पेनने सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावर सीव्हे नावाची टेहळणी यंत्रणा उभारली: मनोऱ्यांवर रडार, उष्णता टिपणारे कॅमेरे, आणि त्यांची चित्रं दाखवणारी नियंत्रण खोली. संरक्षण-तंत्रज्ञानातली इंद्रा ही स्पॅनिश कंपनी या कामात मोठी झाली. सामुद्रधुनी अवघड झाली तशी निघण्याची ठिकाणं दक्षिणेला सरकली. पश्चिम सहाराच्या किनाऱ्यावरून फुएर्तेव्हेंतुरा बेट शंभरेक किलोमीटर आहे. तिथे गस्त वाढली, तेव्हा मॉरिटानियातल्या नुआदिबूवरून होड्या निघू लागल्या, म्हणजे पावणेआठशे किलोमीटर. २००६ मध्ये सेनेगल. त्या एका वर्षात कॅनरी बेटांवर ३१,६७८ माणसं उतरली.

त्यानंतर जे झालं ते स्पेनचं यश म्हणून सगळीकडे दाखवलं जातं. युरोपीय संघाच्या नव्या सीमा-संस्थेने, फ्राँटेक्सने, ‘हेरा’ मोहीम सुरू केली. स्पेनच्या गार्दिया सिव्हिल या निमलष्करी पोलीस दलाच्या नौका थेट सेनेगल आणि मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर, त्या त्या देशाचा एक पोलीस बरोबर घेऊन फिरू लागल्या. पोलीस बरोबर का? त्या पाण्यात स्पेनला अडवण्याचा अधिकार नाही; अडवणारा माणूस तिथलाच हवा. त्याला त्याचा भत्ता. नुआदिबूत एका जुन्या शाळेत पकडलेल्यांना ठेवलं जाई, स्थानिक लोक तिला ‘ग्वांतानामितो’, म्हणजे ‘छोटं ग्वांतानामो’ (अमेरिकेचा बदनाम तुरुंग), म्हणत. परत घेण्याचे करार झाले, बदल्यात मदतनिधी आला. २०१० मध्ये कॅनरीवर उतरणारे दोनशेच्या आत आले.

माणसं कुठे गेली? काही घरी राहिली हे खरं. बरीचशी नायजरमधल्या आगादेझमार्गे लिबियाकडे वळली. भूमध्य समुद्राच्या मधल्या पट्ट्यात पुढच्या दशकात जे घडलं, त्यात या ‘यशा’चाही वाटा होता. मग तिथे दाबलं: २०१५ मध्ये नायजरने युरोपच्या आग्रहावरून प्रवासी नेणाऱ्या चालकांना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, २०१७ मध्ये इटलीने लिबियाशी करार केला. वास्तविक आगादेझपर्यंत येणं पश्चिम आफ्रिकी देशांच्या नागरिकांना मुक्त संचाराच्या करारानुसार पूर्ण कायदेशीर. कायदा लागू झाल्यावर हायलक्स पिकअपवाले विहिरींचा ठरलेला रस्ता सोडून आडवाटेने जाऊ लागले. गाडी बंद पडली की पाणी नाही, आणि गस्त दिसली की चालक प्रवाशांना वाळवंटात सोडून पळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजरच्या लष्करी सरकारने तो कायदाच रद्द केला. आणि कॅनरीची वाट? २०२० मध्ये २३ हजार, २०२३ मध्ये सुमारे ४० हजार, २०२४ मध्ये ४६,८४३. नवा विक्रम.

होडीचं गणित

‘तस्कर टोळ्या’ म्हटलं की बंदुकवाले डॉन डोळ्यांपुढे येतात. सेनेगलमध्ये बऱ्याचदा हे मासेमारांचंच काम असतं. परदेशी ट्रॉलरनी आणि मासळीपूड कारखान्यांनी किनाऱ्याची मासळी ओढून नेली. होडी आहे, इंजिन आहे, समुद्राची माहिती आहे, मासळी मात्र पुरत नाही.

एका होडीत शंभर माणसं आणि माणशी साडेचार लाख सीएफए फ्रँक (सेनेगलचं चलन) धरा. एका युरोला ६५५.९५७ फ्रँक हा दर कायमचा बांधलेला आहे, म्हणजे गल्ला अडुसष्ट हजार युरोंच्या पुढे. त्यातून होडी, चाळीस अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड मशिनं, पेट्रोल, धान्य, पोलिसांचे हात ओले करणं, माणसं गोळा करणाऱ्यांचं कमिशन. दोन मशिनं एकदम चालवत नाहीत, एक दमलं की दुसरं. ताशी दहा-अकरा किलोमीटर वेगाने दीड हजार किलोमीटरला सहा दिवस अखंड इंजिन चालवावं लागतं. तासाला दहा लिटर धरले तरी दीड हजार लिटरच्या आसपास पेट्रोल झालं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, सात दिवसांचं, शंभर जणांचं: २,१०० लिटर, म्हणजे दोन टनांहून जास्त. इतकी जागा होडीत नसते. म्हणून पाणी कमी घेतात, पेट्रोल नाही.

मुख्य गोम अशी की होडी परत येत नाही. पोचली की स्पेन जप्त करतो. एका फेरीतच तिची किंमत वसूल व्हायला हवी, म्हणून माणसं कोंबायची आणि जुनी, निकामी होत आलेली होडी वापरायची. जप्तीचा नियम दलालाला धडा शिकवण्यासाठी होता. त्याची किंमत प्रवासी मोजतात.

तांडेलाला बहुतेक वेळा पैशांऐवजी फुकट जागा मिळते, कधी त्याच्या भावालाही. पोचल्यावर पोलीस प्रवाशांना विचारतात की सुकाणू कुणाकडे होतं. फोनमधले फोटो बघतात. ज्याचं नाव निघतं तो वर्षानुवर्षं तुरुंगात जातो. पैसे गोळा करणारा डाकारच्या उपनगरात घरीच असतो.

बिघडतं काय काय? पेट्रोल आणि खारं पाणी होडीच्या तळाशी मिसळलं की कातडी भाजल्यासारखी सोलते. तळाशी बसलेल्यांना ते उशिरा कळतं. आपण पोचलो की नाही हे ओळखायची एक खूण म्हणजे तेनेरिफे बेटावरचा तेईदे पर्वत, ३,७१५ मीटर उंच, स्वच्छ हवेत शंभर किलोमीटरहून लांब दिसणारा. पण सहारातून धूळ उडून आली की तो दिसत नाही. गस्त चुकवण्यासाठी होड्या किनाऱ्यापासून खूप लांब, पश्चिमेकडे जाऊन मग वर वळतात. तसं गेल्यावर समोर येतं एल इएर्रो, सगळ्यांत पश्चिमेचं बेट. म्हणूनच अकरा-बारा हजार वस्तीच्या त्या बेटावर २०२४ मध्ये त्या वस्तीच्या दुप्पट माणसं उतरली. ते चुकलं तर पुढे जमीन नाही. कॅनरी प्रवाह आणि व्यापारी वारे बंद पडलेल्या होडीला सरळ अमेरिकेच्या दिशेने ओढतात. एप्रिल २००६ मध्ये बार्बाडोसजवळ अकरा प्रेतं असलेली होडी सापडली. मे २०२१ मध्ये टोबॅगोजवळ सापडलेली होडी नुआदिबूहून जानेवारीत निघाली होती. तिच्यात चौदा जणांचे अवशेष होते.

अशा होड्यांची नोंद होते कशी? बहुतेकदा होतच नाही. कुणी वाचलं नाही, प्रेत मिळालं नाही, तर फक्त घरच्यांचा फोन लागत नाही एवढंच. कामिनांदो फ्रोंतेरास ही संघटना घरच्यांच्या फोनवरून हिशेब ठेवते. २०२४ साठी तिचा अटलांटिक वाटेवरच्या मृतांचा आकडा ९,७५७ आहे. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेचा आकडा यापेक्षा कितीतरी कमी आहे, कारण ती पुराव्यानिशी नोंदवलेल्या घटनाच धरते. दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीने बरोबर असू शकतात.

पैसा कुठून, कुणाकडे

फ्राँटेक्सचं मुख्यालय वॉर्सात आहे. २००५ मध्ये तिचं अंदाजपत्रक साठेक लाख युरोंचं होतं, २०१५ मध्ये १४ कोटींच्या पुढे गेलं, आणि आता ९० कोटींच्या वर आहे. आधी तिच्याकडे स्वतःचं फारसं काही नव्हतं: सदस्य देश नौका, विमानं, माणसं देत आणि खर्च तिच्याकडून वसूल करत. २०१९ च्या कायद्याने २०२७ पर्यंत दहा हजारांचं दल उभारायचं ठरलं. २०२० मध्ये तिने ड्रोनसाठी पाच-पाच कोटी युरोंची दोन कंत्राटं दिली: एक एअरबसला, इस्रायली हेरॉन उडवण्यासाठी, दुसरं इस्रायलच्याच एल्बिटला. ड्रोनमध्ये एक सोय आहे जी माहितीपत्रकात लिहिलेली नसते. बुडत्याला वाचवण्याची समुद्री कायद्याची जबाबदारी नौकेवर असते. ड्रोनला ना डेक, ना दोर.

ही यंत्रणा आपली गरज कशी सिद्ध करते? फ्राँटेक्स धोक्याचा अहवाल काढते, त्यात ‘अनियमित प्रवेशां’चा आकडा असतो. तो माणसांचा नाही, पकडल्याच्या प्रसंगांचा आहे. २०१५ मध्ये ग्रीसच्या बेटावर उतरलेला सीरियन तिथे एकदा मोजला गेला, मग बाल्कन देशांतून हंगेरीत शिरताना पुन्हा. त्या वर्षीचा अठरा लाखांचा आकडा असा बनला. गस्त वाढली की पकडण्याचे प्रसंगही वाढू शकतात. आकडा चढला तर ‘संकट, पैसे द्या’. उतरला तर ‘उपाय लागू पडला, चालू ठेवायला पैसे द्या’. दोन्हीकडून अंदाजपत्रक वरच. युरोपात कागदांविना राहणाऱ्यांपैकी पुष्कळजण विमानाने, रीतसर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले, हे या तक्त्यांत कुठेच दिसत नाही. विमानतळावर व्हिसाची तारीख उलटल्याचं चित्र टीव्हीवर दाखवता येत नाही.

सर्वांत चतुर गिऱ्हाईक मात्र शेजारचे देश. १७ आणि १८ मे २०२१ ला मोरोक्कोच्या पोलिसांनी सेउताच्या बाजूचा पहारा सैल सोडला आणि दोन दिवसांत आठेक हजार माणसं पोहत, चालत आत आली. कारण स्थलांतराचं नव्हतं. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारियो चळवळीच्या नेत्याला स्पेनने उपचारांसाठी दाखल करून घेतलं होतं. दहा महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, स्पेनने आपली जुनी भूमिका सोडून पश्चिम सहाराला आपल्याच सत्तेखाली स्वायत्तता देण्याच्या मोरोक्कोच्या योजनेला पाठिंबा दिला. सीमा सांभाळायची सुपारी एकदा शेजाऱ्याला दिली की ती न सांभाळण्याची धमकीही त्याच्याच हातात जाते. मार्च २०२४ मध्ये मॉरिटानियाला २१ कोटी युरो कबूल झाले. २०२५ मध्ये तिथे मोठी धरपकड झाली, शेकडोंना ट्रकांत घालून सेनेगल आणि मालीच्या हद्दीवर सोडलं गेलं.

पोचल्यानंतर

धक्क्यावर रेड क्रॉस पांघरूण, पाणी, बिस्किटं देतं. मग पोलीस: बोटांचे ठसे युरोडॅक या सामायिक साठ्यात जातात. ते एकदा नोंदले की दुसऱ्या देशात आश्रय मागितला तरी नियमाने माणूस पहिल्या देशाकडे परत पाठवला जाऊ शकतो. पोलीस कोठडी जास्तीत जास्त ७२ तास. त्यानंतर न्यायाधीशाच्या आदेशाने बंदी केंद्रात जास्तीत जास्त ६० दिवस. या मुदतीत मायदेशाच्या वकिलातीने ‘हा आमचा’ असं लिहून दिलं तर विमानात बसवतात. नाही दिलं तर सोडून देतात, हातात हद्दपारीचा आदेश देऊन. माणूस राहू शकत नाही आणि त्याला पाठवताही येत नाही. म्हणूनच अनेकजण पासपोर्ट होडीत बसण्याआधीच घरी ठेवून येतात.

वय हाही मोठा प्रश्न. एकट्याने आलेल्या अठराच्या आतल्याला सहसा परत पाठवता येत नाही, प्रांतिक सरकारने त्याला सांभाळायचं. कागद नसेल तर मनगटाचा एक्स-रे काढून वय ठरवतात. ताडून बघायला हाडांच्या एक्स-रे चित्रांचा जो संग्रह वापरतात तो १९३०-४० च्या दशकांतल्या सुखवस्तू गोऱ्या अमेरिकी मुलांच्या हाडांवरून केलेला आहे. सेनेगलच्या पोराच्या बाबतीत दीड-दोन वर्षांची चूक सहज होते, आणि सोळाचा अठरा ठरला की त्याचं सगळंच बदलतं.

सुटलेला माणूस जातो कुठे? बरेच जण दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियात. तिथे तीस हजारांहून जास्त हेक्टरवर प्लास्टिकची हरितगृहं पसरली आहेत. युरोपचा हिवाळ्यातला टोमॅटो आणि ढोबळी मिरची तिथली. आत उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतं. हद्दपारीचा आदेश खिशात असलेला मजूर किमान वेतनाची तक्रार कुठे करणार? दोन वर्षं (मे २०२५ पर्यंत तीन) राहिल्याचे पुरावे जमवले, आणि कामाचा करार वगैरे अटी पुऱ्या केल्या, की ‘अराइगो’ नावाच्या तरतुदीने कागद मिळू शकतात. म्हणजे कायदा आधी दोन वर्षं लपून काढायला लावतो आणि मग लपून काढल्याचा पुरावा मागतो. २००५ मध्ये स्पेनने एकरकमी पाच लाखांहून जास्त लोकांना नियमित केलं होतं, तेव्हा मालकांनीच रांगा लावल्या होत्या. स्पेनच्याच उवेल्वा प्रांतात स्ट्रॉबेरीच्या तोडणीसाठी मोरोक्कोतून दरवर्षी हजारो बायका रीतसर हंगामी करारावर येतात. त्यांच्या राहण्या-वागवण्याबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण त्यांतली एकही पातेरात बसून येत नाही. सेनेगलसाठी अशा जागा नावापुरत्या.

२०२५ मध्ये कॅनरीवर उतरणाऱ्यांचा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि मॉरिटानियाच्या कराराचं श्रेय मोजून झालं. त्याच वर्षी अल्जिरियाहून स्पेनच्या मायोर्का आणि इबिझा बेटांकडे जाणाऱ्या होड्या वाढल्या, आणि गिनीच्या किनाऱ्यावरूनही होड्या निघू लागल्या, म्हणजे बावीसशे किलोमीटर. जुलैमध्ये युरोपीय आयोगाने २०२८ ते २०३४ च्या अंदाजपत्रकाचा मसुदा मांडला. त्यात स्थलांतर आणि सीमा-व्यवस्थापनासाठीची रक्कम तिप्पट करण्याचा प्रस्ताव आहे.